आधी एक प्रत

मागच्या महिन्यात आईने नानांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, जुन्या फोटोचा स्कॅन पाठवला. फोटो दुमडलेला, घडीची पांढरी रेघ नेमकी गालावरून गेलेली. फोटोशॉपमध्ये उघडला आणि सवयीने आधी कंट्रोल-जे दाबलं. मूळ चित्राची हुबेहूब प्रत नव्या थरावर आली. काय उद्योग करायचे ते प्रतीवर, खालच्या मूळ चित्राला हात लावायचा नाही.

ही सवय कशी लागली, त्याची गोष्ट मजेदार आहे.

१९८७ मध्ये मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या थॉमस नोलने मॅकच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर करड्या छटा दाखवणारा प्रोग्रॅम लिहिला. (प्रबंध सोडून भलतंच करत बसण्याचा अनुभव मलाही आहे!) त्याचा भाऊ जॉन सिनेमाच्या स्पेशल इफेक्ट्समध्ये होता. दोघांच्या खटपटीचं फळ म्हणजे १९९० मध्ये अडोबीने बाजारात आणलेलं फोटोशॉप. पण त्यात थर नव्हते. चिकटवलेला तुकडा एकदा सोडला की खालच्या चित्रात कायमचा मिसळायचा. अन्डू एकाच पायरीचं. लागोपाठ दोन चुका झाल्या की संपलं.

थर आले १९९४ मध्ये, ३.० आवृत्तीत. कल्पना जुनीच, कार्टूनवाले पारदर्शक सेल्युलॉइडवर हेच करत आले होते. पण अनेक पायऱ्या मागे नेणारं हिस्टरी पॅलेट यायला १९९८ उजाडलं. मधली चार वर्षं थराची प्रत हेच लोकांचं घरगुती अन्डू. तेही फुकट नाही. २००० बाय १५०० पिक्सेलचं रंगीत चित्र म्हणजे ९० लाख बाइट. प्रत काढली की जवळपास तेवढेच आणखी.

मग हिस्टरी आल्यावरही सवय का टिकली? कारण फाईल बंद केली की हिस्टरी पुसली जाते. थर मात्र फाईलबरोबर राहतो.

असो. साफ केलेला फोटो आईला पाठवला. लगेच फोन आला.

"छान झालाय रे. पण नानांच्या गालावरचा वण कुठे गेला?"

नानांना मी कधी पाहिलेलं नाही. घडीजवळची ती बारीक रेघ मी घडीचाच भाग समजून पुसली होती. फाईल उघडली, वरचा थर लपवला. वण जागच्या जागी होता.