अनिवासी करदाता आणि जागतिक उत्पन्नाची माहिती : भारतीय आयकर कायद्याचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
एखाद्या उत्पन्नावर कर आकारण्याचा अधिकार आणि त्या उत्पन्नाची माहिती मागण्याचा अधिकार या दोन भिन्न बाबी आहेत. भारतीय आयकर कायद्यात हा भेद अनिवासी करदात्याच्या संदर्भात विशेष स्पष्ट होतो.

रहिवासाची कसोटी :
१९२२ च्या कायद्याचा मूळ आधार उत्पन्न ब्रिटिश हिंदुस्थानात उद्भवणे अथवा तेथे प्राप्त होणे हा होता. रहिवाशाचा परदेशातील व्यापारी नफादेखील तो तीन वर्षांच्या आत देशात आणला तरच करपात्र ठरे. १९३६ च्या आयकर चौकशी अहवालानंतर १९३९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. १८२ दिवसांच्या वास्तव्यासारख्या कसोट्या आल्या आणि रहिवाशाचे जगभरातील उत्पन्न करकक्षेत आले. अनिवासी व्यक्तीचे मात्र केवळ येथील उत्पन्नच करपात्र राहिले.

दर आणि माहिती :
तथापि दर ठरविताना परदेशातील उत्पन्न विचारात घेतले जाई. कलम १७ नुसार ब्रिटिश प्रजाजन असलेल्या अनिवासी व्यक्तीचा कर ‘एकूण जागतिक उत्पन्ना’च्या प्रमाणात काढला जाई. उदाहरणार्थ, येथील उत्पन्न १०,००० रुपये व परदेशातील ४०,००० रुपये असल्यास ५०,००० रुपयांवरील कराचा एक-पंचमांश भाग देय होई. करदात्याच्या आर्थिक क्षमतेनुसार कर, हे यामागील तत्त्व होते. पुढे अनिवासी व्यक्तींना सर्वोच्च दर लागू करून जागतिक उत्पन्नाच्या आधारे आकारणीचा पर्याय देण्यात आला. असा पर्याय एकदा स्वीकारला की तो पुढील वर्षांनाही बंधनकारक असे. परिणामी वडिलोपार्जित घराचे अल्प भाडे मिळविणाऱ्या स्थलांतरितासमोर दोनच मार्ग उरले : सर्वोच्च दर सोसणे किंवा परदेशातील संपूर्ण कमाई उघड करणे.

कंपन्यांबाबत येथील उत्पन्न बाहेरील उत्पन्नापेक्षा अधिक असल्यास कंपनी रहिवासी मानली जाई. वॉलेस ब्रदर्स या इंग्लंडमधील कंपनीने मुंबईच्या आयकर आयुक्तांविरुद्ध या तरतुदीस आव्हान दिले. १९४८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने पुरेसा प्रादेशिक संबंध मान्य करून ती वैध ठरविली.

उत्तरकाल :
१९६१ च्या कायद्यातील कलम ११३ ने अनिवासींविषयीची ही पद्धत चालू ठेवली. १९६५ च्या वित्त अधिनियमाने ते कलम वगळले. २०२० मध्ये मात्र, परदेशी स्रोतांव्यतिरिक्त १५ लाख रुपयांहून अधिक उत्पन्न असलेल्या व कोणत्याही देशात करपात्र नसलेल्या भारतीय नागरिकास रहिवासी मानण्याची तरतूद झाली. तिच्या अंमलबजावणीसाठी करदात्याची परदेशातील करस्थिती पुन्हा तपासावी लागते.

निष्कर्ष :
१९६५ पूर्वीच्या व्यवस्थेत माहिती हीच सवलतीची किंमत होती. समान क्षमतेच्या व्यक्तींना समान वागणूक देण्याचा हेतू न्याय्य असला, तरी पुराव्याचा भार मोठ्या कंपनीपेक्षा सामान्य स्थलांतरितास अधिक जड होता. म्हणून करव्यवस्थेच्या न्याय्यतेचे मूल्यमापन दरांबरोबरच विवरणपत्रातील प्रश्नांवरूनही व्हावयास हवे.