भिंतीवरची शिंगे

जुन्या वाड्याच्या बैठकीत सांबराची किंवा काळविटाची शिंगे दिसली, की पाहुणा हटकून दोन प्रश्न विचारतो. शिकार कोणी केली? आणि कुठे? बहुतेक घरांत आज दोन्हींचे उत्तर मिळत नाही. शिंगे उरली, हकीकत गेली. शिंगांना रंग देऊन ती नव्यासारखी करण्याची हौस मात्र अजून आहे. म्हणून हा लेख.

आमचे शिरपूर जैन हे अंतरिक्ष पार्श्वनाथांचे तीर्थ. अहिंसेच्या गावात शिकारीची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. पण इतिहासात आपल्याला न आवडणारी पानेही वाचावी लागतात.

आधी एक फरक सांगतो. सांबर व चितळ यांची शिंगे भरीव हाडाची असतात आणि झडून पुन्हा नवी येतात. काळविटाची शिंगे झडत नाहीत. आत हाडाचा गाभा आणि वर नखासारखे कवच असते. म्हणून सांबराचे शिंग रानात सापडलेले असू शकते, पण काळविटाच्या शिंगांमागे एक मेलेला प्राणी असतोच.

इंग्रजी अमलात शिकार ही प्रतिष्ठा झाली. साहेबांनी केली, राजेरजवाड्यांनी केली आणि त्यांचे पाहून जमीनदारांनीही केली. म्हैसूरला व्हॅन इंगेन कुटुंबाचा प्राणी पेंढा भरून देण्याचा कारखाना होता. तिथे चाळीस हजारांहून अधिक वाघ-बिबटे तयार झाले. तो १९९९ साली बंद झाला. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधील संग्रहालयात त्या काळाचे प्राणी आजही पाहायला मिळतात.

आता रंगाविषयी. हरणाच्या शिंगाचा तपकिरी रंग मुळात त्याचा नसतो. झाडाझुडपांवर शिंगे घासताना रस आणि साल लागून तो चढतो. उन्हापावसात तो जातो आणि शिंग पांढरे पडते. मग कारागीर विहिरीत टाकायचे ते जांभळे औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, पाण्यात विरघळवून लावतात. वाळल्यावर जांभळा रंग तपकिरी होतो. टोके थोडी घासून उजळ ठेवतात, कारण जिवंत हरणाचीही टोके घासून उजळलेली असतात. वर जवसाच्या तेलाचा हात फिरवतात. कवटीला मात्र ब्लीचिंग पावडर लावू नये, त्याने हाड भुसभुशीत होते. जुन्या पेंढा भरलेल्या मुंडक्यांना तर हातच लावू नये, कारण कातडे टिकवायला त्या काळी सोमल वापरत.

हे सगळे केले तरी काय मिळते? चकाकी मिळते. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ साली सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली. तिच्यात जमा झालेल्या लहानशा कवटीलाही चिठ्ठी होती : ठिकाण, तारीख, नर की मादी, मापे. शंभर वर्षांनीही अभ्यासकाला ती उपयोगी पडते. बैठकीतले मोठे शिंग मात्र मुके राहते. आपल्या भागात कोणते प्राणी कुठवर होते हे त्याला सांगता आले असते, पण कोणी लिहूनच ठेवले नाही.

आणि कायदाही विसरू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा वस्तूंसाठी मालकीचा दाखला लागतो. रानात झडलेले शिंगही उचलून घरी आणता येत नाही. विकणे तर दूरच. दाखला असून वस्तू ठेवायची नसेल, तर २०२२ च्या दुरुस्तीनुसार ती मुख्य वन्यजीव रक्षकांकडे स्वेच्छेने जमा करता येते. मोबदला मात्र मिळत नाही. दाखला नसेल तर रंगकाम काढण्याआधी वन खात्यात चौकशी करावी, हेच शहाणपण.

आमच्याच जिल्ह्यात कारंजा-सोहोळ येथे २००० साली काळविटांसाठी अभयारण्य झाले. काळवीट पाहायचा तर तिथे जावे. उड्या मारणाऱ्या काळविटाची शिंगे कोणत्याही तेलाशिवाय चमकतात.

घरात रीतसर दाखल्याची जुनी शिंगे असतील, तर वाचकांना एवढीच विनंती. रंगाचा ब्रश घेण्याआधी पेन घ्यावे. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसावे आणि जे आठवते ते एका कागदावर लिहून ठेवावे. रंग पुन्हा कधीही देता येईल. सांगणारा माणूस पुन्हा मिळणार नाही.