वाशिष्ठीचा जलमार्ग : मगरी आणि कचरा

रत्नागिरी जिल्ह्यातील मुरुडच्या दक्षिणेस, त्याच दापोली तालुक्यात, वाशिष्ठी नदी दाभोळपाशी समुद्राला मिळते, आणि तेथून चिपळूणच्या गोवळकोट बंदराच्या दिशेने भरतीचे पाणी ज्या पात्रात चढते, त्यालाच दाभोळची खाडी म्हणतात. बहमनी काळात दाभोळ हे पश्चिम किनाऱ्यावरील मोठे बंदर होते. रशियन प्रवासी अफनासी निकितीन परतीच्या जहाजावर येथेच चढला, आणि 1508 च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडाने हे शहर जाळले. पुढेही खाडीतील ये-जा चालूच राहिली. कुंभार्ली घाटाने उतरलेला देशावरचा माल गोवळकोटला पडावांत, म्हणजे शिडाच्या मालवाहू होड्यांत, भरला जाई. भरतीबरोबर वर आणि ओहोटीबरोबर खाली असा हा प्रवास चालत असल्यामुळे पात्रातील गाळ, मासळी आणि काठावरील जनावरे खलाशांच्या रोजच्या नजरेखाली असत.

माल आणि माणसे रस्त्याने व पुढे रेल्वेने जाऊ लागल्यावर ही नजर हटली, आणि नदीचे खरे नुकसान येथूनच सुरू झाले असे म्हणावे लागते. दरम्यान नदीचे स्वरूपही पालटले होते. पोफळीचे वीजगृह 1962 मध्ये सुरू झाल्यानंतर कोयनेचे अवजल, म्हणजे वीजनिर्मितीनंतर सोडले जाणारे पाणी, वाशिष्ठीत येऊ लागले आणि उन्हाळ्यातही नदी वाहती राहिली. मगर ही मुख्यतः गोड्या पाण्यात राहणारी असली तरी थोडा खारेपणा सोसते. या बारमाही प्रवाहाचा तिला लाभ झाला असावा, असे मानण्यास जागा आहे.

अलीकडे मगरी पाहण्यासाठी खाडीत पुन्हा होड्या फिरू लागल्या आहेत. ओहोटीला उघड्या पडलेल्या गाळावर मगर जबडा वासून ऊन खात पडलेली दिसते. तो वासलेला जबडा हल्ल्याची तयारी नसून शरीरातील जादा उष्णता बाहेर टाकण्याची रीत आहे. जवळच्या चिखलात निवट्या उड्या मारतात, वरच्या फांदीवर खंड्या टपून असतो, आणि त्याच तिवरांच्या फांद्यांना प्लॅस्टिकच्या चिंध्या एका रेषेत लटकलेल्या असतात, ज्यांवरून पाणी कुठवर चढले होते ते कळते. राज्यात 2018 मध्ये प्लॅस्टिकबंदी लागू झाली, तरी या चिंध्या हटलेल्या नाहीत; 22 जुलै 2021 च्या महापुराने तर चिपळूणच्या बाजारपेठेतील कितीतरी वस्तू पात्रात ओढून नेल्या. होडीतून हा कचरा निदान दिसतो. रासायनिक सांडपाणी तसे दिसत नाही, आणि लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीतून येणाऱ्या त्या पाण्याविरुद्ध खाडीकाठच्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या आहेत.

खाडीने समुद्रात टाकलेला कचरा समुद्र पुन्हा किनाऱ्यांवर आणून टाकतो, आणि मुरुडसह दापोलीच्या ज्या पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यास येतात, त्यांनाही त्याचा उपद्रव पोचतो. म्हणूनच आज खाडीत होड्या नेणाऱ्यांनी मगरींच्या नोंदीबरोबर कचऱ्याचीही नोंद, ठिकाण आणि तारखेसह, ठेवावी आणि ती नगरपरिषदेकडे व खाडीकाठच्या ग्रामपंचायतींकडे नियमित पोचवावी.