त्रेपन्नावं नाव

१७ जून १९८९. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजे बर्फावरच्या हॉकीतल्या सर्वांत मोठ्या लीगचा ड्राफ्ट सुरू होता. आयपीएलच्या लिलावासारखी इथे बोली लागत नाही. संघ पाळीपाळीने अठरा-एकोणीस वर्षांची पोरं निवडतात. पहिला नंबर लागला मॅट्स सुंदीन या स्वीडिश फॉरवर्डचा. ५३वं नाव होतं निकलास लिडस्ट्रॉम, वय १९, बचावपटू. त्याला निवडणाऱ्या डेट्रॉइट रेड विंग्जनेही त्याआधी दुसऱ्या दोघांना पसंती दिली होती.

पुढे लिडस्ट्रॉमने सर्वोत्तम बचावपटूसाठीची नॉरिस ट्रॉफी सात वेळा जिंकली आणि चार स्टॅनली कप जिंकले. मग १९८९मध्ये ५२ मुलं त्याच्यापुढे कशी?

फॉरवर्डचं काम मोजायला सोपं असतं, गोल दिसतात. बचावपटूचं निम्मं काम म्हणजे न झालेल्या गोष्टी: न पोचलेला पास, कडेला रेटला गेल्यामुळे न मारलेला फटका. म्हणून पारखी दिसेल ते मोजत: उंची, वजन, धडक. लिडस्ट्रॉम धडका मारणारा नव्हताच. योग्य कोनात उभं राहायचं, स्टिक योग्य जागी ठेवायची, एवढ्यावर तो समोरच्याची वाट बंद करे. ड्राफ्टनंतर दोन मोसम तो स्वीडनमध्येच खेळला, १९९१मध्ये डेट्रॉइटला आला. पहिली नॉरिस मिळाली २००१मध्ये, वयाच्या ३१व्या वर्षी. त्याआधी सलग तीन वर्षं तो दुसरा आला होता.

झ्डेनो चाराची गोष्ट उलटी. सहा फूट नऊ इंच उंची कोणालाही दिसत होती. तरी १९९६मध्ये तो ५६वा निवडला गेला. २००१मध्ये न्यूयॉर्क आयलंडर्सने अलेक्सी याशिन या स्टारच्या बदल्यात त्याला ओटावाला देऊन टाकलं. चारा तेव्हा २४ वर्षांचा होता. २००९मध्ये त्याला नॉरिस मिळाली आणि २०११मध्ये बॉस्टनने त्याच्या नेतृत्वाखाली कप जिंकला.

आता पकमध्ये आणि खेळाडूंच्या जर्सीत सेन्सर असतात. सॉफ्टवेअरवाल्याला याचा मोह पडणारच. पण सर्व्हरच्या लॉगमध्येही घडलेल्या घटनांचीच नोंद होते. वेळीच टळलेल्या बिघाडाची ओळ तिथे नसते.

यावरून मागे राहिलेला प्रत्येक पोरगा छुपा हिरा ठरत नाही. ५३व्या नंबरावरून येऊन विसरले गेलेलेही असतात. मुद्दा एवढाच, की अठराव्या वर्षीचं माप कच्चं असतं, बचावपटूचं तर फारच. पण पुढे कोणाला किती मिनिटं खेळवायचं, कोणाची चूक पोटात घालायची, हे बहुधा त्याच मापावर ठरतं. वरचा नंबर असलेल्याला पाचवी संधी मिळते, खालच्याला दुसरीही मिळेल याची खात्री नसते. म्हणून दर वर्षी जुना आकडा झाकून पोराकडे पुन्हा बघायला हवं.