चौघींच्या टेबलाचा मागोवा

न्यूयॉर्कमधल्या कॉफी शॉपात चार मैत्रिणी नाश्त्याला बसल्यात आणि पुरुषांबद्दल, शरीराबद्दल, पैशांबद्दल आडपडदा न ठेवता बोलताहेत, हे दृश्य 'सेक्स अँड द सिटी'ची देणगी आहे असं सर्रास मानलं जातं. ती मालिका 'एचबीओ'वर जून १९९८ मध्ये सुरू झाली. पण ते टेबल आधीच मांडलेलं होतं, आणि ते मांडणाऱ्यांची नावं आज फारशी कुणी घेत नाही.

सुरुवात १९६६ ची. अमेरिकेत 'नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन' स्थापन झाली त्याच वर्षी 'एबीसी' वाहिनीवर 'दॅट गर्ल' आली. नायिका ॲन मेरी नटी व्हायला न्यूयॉर्कला येऊन एकटी राहते. मात्र तिच्या आयुष्यात ऊठबस असते ती प्रियकराची आणि वडिलांची. मैत्रीण कडेलाच राहते. तरी ॲनची भूमिका करणाऱ्या मार्लो थॉमस हिने एक गोष्ट हट्टाने सांभाळली. मालिकेचा शेवट लग्नात होऊ द्यायला तिने नकार दिला. लग्न हाच सुखाचा शेवट, असं पाहणाऱ्या मुलींना वाटू नये म्हणून. १९७१ मधल्या अखेरच्या भागात ॲन होणाऱ्या नवऱ्याला स्त्रीमुक्तीच्या सभेला घेऊन निघते आणि दोघं लिफ्टमध्ये अडकतात.

मैत्रीण मध्यभागी आली ती 'द मेरी टायलर मूर शो'मध्ये. 'सीबीएस'वर १९७० ते १९७७ या काळात या मालिकेचे १६८ भाग झाले. निर्माते जेम्स ब्रूक्स आणि ॲलन बर्न्स यांना नायिका मेरी रिचर्ड्स घटस्फोटित हवी होती. वाहिनीने ते होऊ दिलं नाही, म्हणून ठरलेलं लग्न फिसकटलेली तिशीची मेरी मिनियापोलिसच्या एका टीव्ही केंद्राच्या वृत्तविभागात नोकरीला लागते. तिच्या वरच्या मजल्यावर रोडा मॉर्गनस्टर्न राहते: न्यूयॉर्कची, ज्यू, तोंडाने फटकळ. पहिल्याच भागात दोघी एका खोलीवरून भांडतात. प्रेक्षकांसमोर झालेल्या चाचणी प्रयोगात रोडा लोकांना मुळीच आवडली नाही. तेव्हा संहितेची नोंद ठेवणाऱ्या मार्जरी मुलन यांनी सुचवलं, मालिकेतल्या लहान मुलीला रोडा आवडते असं दाखवा. तिचं पाहून प्रेक्षकही रोडाला जवळ करतील. तसंच झालं. टेलिव्हिजनवरच्या या थोर मैत्रीला एका पडद्यामागच्या बाईच्या नजरेने वाचवलं, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वात मोलाचं वाटतं.

पुढेही लेखनाच्या खोलीत बायका होत्या म्हणून बोलणं खरं झालं. ट्रीव्हा सिल्व्हरमन यांनी या मालिकेसाठी भरपूर लिहिलं आणि १९७४ मध्ये एमी पारितोषिक मिळवलं. १९७२ च्या एका भागात मेरीला कळतं की तिच्या जागी आधी असलेल्या पुरुषाला आठवड्याला ५० डॉलर जास्त मिळत होते. कारण काय, तर त्याला कुटुंब पोसायचं होतं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या भागात मेरीची आई गोळी घ्यायची आठवण करून देते ती वडिलांना, आणि 'विसरणार नाही' असं उत्तर वडिलांबरोबर मेरीही देऊन जाते. गर्भनिरोधक गोळीचा एवढाच उल्लेख, पण लग्न न झालेल्या नायिकेच्या तोंडी तो त्या काळात धाडसाचा होता. मेरी मोर्च्यांत गेली नाही, आणि सहकारी ज्याला 'लू' म्हणत त्या साहेबाला ती 'मिस्टर ग्रँट'च म्हणत राहिली. यावर स्त्रीवाद्यांनी टीका केली, ती रास्तही होती. तरी रात्री घरी आल्यावर ज्या माणसाशी मन मोकळं करायचं ते माणूस मैत्रीण असू शकतं, हे या मालिकेने रुजवलं. वाहिनीला लग्नाचा मोह सुटला नव्हता, हे खरंच. रोडाला वेगळी मालिका मिळाली आणि ऑक्टोबर १९७४ मध्ये तिचं लग्न पाच कोटींहून अधिक लोकांनी पाहिलं. नंतर मात्र त्या मालिकेतला जीवच गेला आणि निर्मात्यांनी त्या जोडप्याला वेगळं केलं.

१९७६ मध्ये मिलवॉकीच्या बिअर कारखान्यात बाटल्यांना बुचं लावणाऱ्या 'लव्हर्न अँड शर्ली' आल्या. या घराण्याची ही कामगार शाखा पुढे फारशी वाढली नाही, याची मला हळहळ वाटते. १९८४ च्या 'केट अँड ॲली'मध्ये दोन घटस्फोटित आया एका घरात मुलं वाढवतात.

मग १९८५ मध्ये 'एनबीसी'वर 'द गोल्डन गर्ल्स'. निर्माती सुझन हॅरिस. याच हॅरिस यांनी १९७२ मध्ये 'मॉड' मालिकेतले गर्भपाताचे गाजलेले भाग लिहिले होते, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य करण्याच्या दोन महिने आधी. त्या 'मॉड'मधल्या बीआ आर्थर आणि रू मॅक्लॅनहन, मेरीच्या मालिकेतली बेटी व्हाइट आणि सोबत एस्टेल गेटी: असा वंश पुढे चालत आला. मालिकेत मायामीतलं घर चौघींपैकी ब्लँशचं. बाकीच्या तिथे भाड्याने राहतात. डोरोथीचा नवरा ३८ वर्षांच्या संसारानंतर एका हवाई सुंदरीसाठी तिला सोडून गेलाय, बाकीच्या विधवा. रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर चीजकेक येतो आणि म्हातारपण, मरण, कामवासना, एकटेपण यांवर बोलणं होतं. उतारवयात बाईने कुणाबरोबर राहावं, या प्रश्नाला या मालिकेने दिलेलं उत्तर मला आजही सर्वात धीट वाटतं. मुलांच्या घरचा कोपरा नको, मैत्रिणींचं घर हवं. चौघींनाही एमी मिळालं.

आणि १९९३ मध्ये 'फॉक्स'वर 'लिव्हिंग सिंगल'. यव्हेट ली बाउझर यांनी ती आपल्या मैत्रिणींवरून रचली. आधी तिचं नाव 'माय गर्ल्स' ठरत होतं. ब्रुकलिनच्या एका घरात खदीजा, तिची चुलतबहीण सिंक्लेअर आणि रेजीन राहतात. वकील मैत्रीण मॅक्स राहते दुसरीकडे, पण फ्रीज उघडायला रोज इथेच. वर दोन मित्र. क्वीन लतीफाने रंगवलेली खदीजा 'फ्लेवर' नावाचं मासिक चालवते, म्हणजे नोकरी करणाऱ्या मेरीपासून आपण मालकिणीपर्यंत आलो. सगळ्या कृष्णवर्णीय, आपल्या कामात पक्क्या, एकमेकींना खडसावणाऱ्या. एकीचं प्रेम फसलं तर बाकीच्या दिवाणखान्यात गोळा होतात, पण तिची चूक असेल तर ती तोंडावर सांगतात. वर्षभराने शहरातल्या तरुण मित्रमैत्रिणींचीच 'फ्रेंड्स' आली. दोन्ही वॉर्नर ब्रदर्सच्या, पण जगभर नाव झालं ते गोऱ्या सहा जणांचं.

'लिव्हिंग सिंगल'चा शेवटचा भाग १ जानेवारी १९९८ रोजी झाला आणि पाच महिन्यांनी 'सेक्स अँड द सिटी' आली. कँडेस बुशनेल यांच्या मूळ वृत्तपत्रीय सदरात मैत्रीचा गाभा नव्हता. तो मालिकेने, जेनी बिक्स आणि सिंडी चुपॅक यांच्यासारख्या लेखिकांनी घातला. त्या चौघींच्या मोकळ्या बोलण्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण मूळ वाटेवर बाउझर उभ्या आहेत, आणि त्यांच्या वाटेने २००० मध्ये मारा ब्रॉक अकील यांची 'गर्लफ्रेंड्स' आणि २०१६ मध्ये इसा रे यांची 'इनसिक्योर' आली.

मॅक्सच्या भूमिकेतल्या एरिका अलेक्झांडरला पुढे अनेक कृष्णवर्णीय स्त्रिया भेटून सांगत राहिल्या की, तुला पडद्यावर पाहिलं म्हणून आम्ही वकिली शिकलो. राजकारणात गेलेल्या काहींनीही जाहीरपणे मॅक्सचं नाव घेतलं आहे.