पाणचक्की आणि तबकडीतली ज्वाला

छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत दुरून मातीच्या नळांनी आणलेले पाणी उंचावरून कोसळून जाते फिरवी. क्ष-किरण जोडताऱ्यांच्या उद्रेकांची रूढ कारणमीमांसाही याच जातीची आहे: सोबती ताऱ्याचे द्रव्य कृष्णविवराभोवतीच्या तबकडीत साठते, तापते आणि मग आत कोसळते.

गरुड तारकासमूहातील जीआरएस १९१५+१०५ हा स्रोत १९९२ साली सापडला. १९९६ साली सोडलेल्या आयआरएस-पी३ उपग्रहावरील मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या उपकरणांनी त्याचे तेज काही सेकंद-मिनिटांत उसळताना टिपले. महिनोन्‌महिने साचणाऱ्या द्रव्याच्या हिशेबात ही चंचलता बसत नव्हती.

गालेयेव, रोस्नर आणि वायाना यांनी १९७९ सालीच एक वाट सुचवली होती: तबकडीतून चुंबकीय वेटोळी वर येतात आणि सूर्यावरच्याप्रमाणे भडकतात. पुढे १९९१ साली बाल्बस आणि हॉली यांनी दाखवले, की क्षीण चुंबकक्षेत्रही तबकडी घुसळून काढते. त्यामुळेच द्रव्य आत सरकते.

म्हणून साठा की ज्वाला, हा वाद आम्हांस अपुरा वाटतो. दीर्घ उद्रेकाचे कारण मुख्यतः साठ्यात शोधावे लागते, क्षणिक लखलखाटासाठी ज्वालेचा विचार करावा लागतो. आणि पाण्याला वाट करून देणारे बल चुंबकीयच आहे. सूर्याकडून उसने घेतलेले रूपक कुठवर पेलते, हे पाहणे समीक्षेचेही काम आहे.