पहिले वाद्य

बेस गिटार शिकावी असे मनात येऊन वडोदऱ्यातील एखादा तरुण आज दुकानात जातो, दोन-चार वाद्ये हाती घेऊन पाहतो आणि त्यांतील एक निवडतो. आपले वाद्य आपणच निवडावे, यात त्याला नवल वाटत नाही. परंतु ही मुभा फार जुनी नव्हे. पूर्वी वाद्य बहुधा घराबरोबर येई. सारंगियाचा मुलगा सारंगी धरी, बीनकाराचा बीन. ज्याच्या घरी वाद्य नसे, त्याने उस्तादाच्या दारी वर्षानुवर्षे सेवा करावी, आणि तरीही विद्या पदरात पडेलच असा भरवसा नसे.

हा शिरस्ता मोडण्याचे काम बडोद्यात झाले. येथे कलावंत कारखाना होताच. पण तो दरबारासाठी. 1886 साली महाराज सयाजीराव गायकवाड यांनी गायनशाळा काढिली ती शिकणाऱ्यांसाठी, आणि तिची धुरा मौलाबक्ष यांच्याकडे दिली. या गृहस्थांनी म्हैसूरकडे कर्नाटक संगीताचा अभ्यास केला होता. त्यांनी स्वरलेखनाची पद्धती बसविली, क्रमिक पुस्तके लिहिली. जी चीज घराण्याचे गुपित म्हणून जपावयाची, ती छापून शाळकरी मुलाच्या हाती द्यावयाची, हे धाडस लहान नव्हते. संगीताचा वारसा नसलेली मुलेही त्यामुळे विद्येपर्यंत पोहोचली.

निवड आली की तिच्यामागोमाग प्रश्नही येतात. सारंगीला पडदे नाहीत. स्वराची जागा कानाने शोधावी लागते. सतारीला पडदे असल्यामुळे नवशिक्याच्या बोटाला वाट सापडते. नेमका हाच विचार 1951 साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी केला. तेथील खर्जाचे वाद्य म्हणजे उभा डबल बास. माणसाहून उंच आणि बिनपडद्याचा. फेंडर यांनी चार तारांची, पडद्यांची, गळ्यात अडकविता येणारी विजेवरील बेस गिटार बाजारात आणिली आणि तिला ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूकपणा, असे नाव दिले. पडद्यांमुळे सूर अचूक लागतो, हे त्यातले मर्म.

तिच्या तारेचा वाजता भाग 34 इंच लांब होता, आणि ते माप आजही रूढ आहे. ज्याचा हात लहान, त्याच्यासाठी सुमारे 30 इंचांची गिटारही मिळते; तिच्यावर बोटे कमी ताणावी लागतात. पाच तारांचा मोह मात्र नवशिक्याने तूर्त आवरावा. वाढीव तार बहुधा अधिक खालच्या खर्जाची असते, आणि प्रारंभीच्या धड्यांना चार पुरेशा होतात.